लाईन तुझीच होती

गौतम, त्या सकाळी तू फोन करून मला एकच प्रश्न विचारला होतास. "मिल्या, माझं बोलणं झालंय असं नंदूला तू सांगितलंस का?" मी बेसिनपाशी उभा होतो, तोंडात ब्रश होता. चूळ भरायच्या निमित्ताने मी थोडा वेळ काढला आणि म्हणालो, "मी? मी कशाला सांगेन?"

"तेच म्हणतोय ना मी," तू म्हणालास. "साला माझ्या तोंडावर तुझं नाव घेतो." आणि फोन ठेवलास.

मी नंदूला सांगितलं होतं. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी उभा राहून, स्वतःच्या तोंडाने. तू विचारलंस तेव्हा नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तू चिडला असतास, महिनाभर बोलला नसतास, मग पेपरला सुट्टी असलेल्या एखाद्या दिवशी येऊन चहा मागितला असतास. तेवढंच. पण मी 'हो' म्हणालो नाही, आणि तू एका खऱ्या माणसाला खोटारडा समजून निघून गेलास.

आधी मी वेगळंच लिहायला घेतलं होतं. तू गेल्यावर विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला माईकवर जे बोललो तेच थोडं नीट करून. आपली शाळा, आपल्या सायकली, आपला तो शब्दांचा खेळ. लोक हसले होते, शोभावहिनीही तोंडाला पदर लावून हसली होती. कुणीतरी म्हणालं, "सर, हे छापा कुठेतरी." घरी येऊन लिहायला बसलो तर पुढे सरकेना. बोलत असताना मला दारात चपलांच्या ढिगाशेजारी उभा असलेला नंदू दिसत होता. तो आत आला नव्हता. त्याला कुणी 'आत ये' म्हटलंही नव्हतं. आणि त्याचं कारण त्या अख्ख्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं.

तो खेळ मात्र सांगायलाच हवा, कारण त्याच्याशिवाय आपण दोघे कळणार नाही.

आठवीचा वर्ग. वागळे इस्टेटच्या मागची आपली शाळा, पत्र्याचं छप्पर, शेजारच्या कारखान्याच्या प्रेसचा दणका दर मिनिटाला बाकातून कळायचा. इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर खडूने एक आडवी रेघ ओढली. "लाईन. लाईन म्हणजे रेषा." तू हात वर केलास. तू हात वर केला की वर्ग सावरून बसायचा.

"सर, माझी आई आत्ता नळाच्या लाईनीत उभी आहे. ती रेषा आहे का?"

"ती रांग."

"आणि सर, परवा पाण्याची लाईन फुटली ती?"

"ती नळी. जलवाहिनी."

"आणि आम्ही राहतो तिसऱ्या लाईनीत, ती?"

"गौतम, खाली बस," सर ओरडले, "आणि जरा लाईनीवर ये!"

वर्ग इतका फुटला की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. सरांना आपण काय बोललो ते दोन क्षणांनी कळलं आणि तेही फळ्याकडे तोंड करून हसले. त्या दिवसापासून आपलं सुरू झालं. नवी लाईन सापडली की दुसऱ्याला सांगायची, हरणाऱ्याने कटिंग पाजायचा. नियम तू केलेस. एक, लाईन कानाने ऐकलेली पाहिजे, डिक्शनरीतली चालणार नाही. दोन, बोलणाऱ्याला आपण काही विशेष बोललो हे कळलेलं नसावं. आणि एक नियम मी केला, जो तुला कधीच मान्य नव्हता. जोडशब्द चालणार नाहीत. हेडलाईन, डेडलाईन, लाईनदोरी, सगळं बाद.

"का बाद? गवंड्याची लाईनदोरी बाद का?"

"कारण त्यात दोरी आहे."

"दोरी तुझ्या डोक्यात आहे."

पुढे लग्नाच्या वयात तुझ्या आईने तुला विरारहून सांगून आलेलं स्थळ नाकारलं, "वेस्टर्न लाईनची नको बाबा, दादरला लाईन बदलावी लागते, पोरगी माहेरी गेली की तिकडेच राहील," तेव्हा तू स्थळ गेल्याचं दुःख करायच्या ऐवजी पळत माझ्याकडे आलास. "एका वाक्यात दोन! दोन कटिंग!" खरं कारण मला माहीत होतं. चौथ्या लाईनीतली शोभा तुला लाईन देत होती, आणि ती देते की तिच्या डोळ्यात काही गेलंय यावर आपला तीन महिने वाद चालला होता.

दहावीनंतर बाबूकाकांनी आपल्याला धरलं. बाबूकाका तेव्हा खोपटच्या एसटी डेपोसमोरच्या फुटपाथवर पहाटे पेपरचे गठ्ठे सोडायचे. आजही सोडतात, फक्त पाठ वाकली आहे. पुरवण्या आत घालायच्या, अंक मोजून पिशवीत भरायचे, सायकलला लटकवायचे आणि निघायचं. त्या धंद्यात प्रत्येकाच्या वाटपाच्या घरांना लाईन म्हणतात हे मला त्या पहाटे कळलं. "पोरांनो, आजपासून तुम्ही चरईची लाईन टाकायची," बाबूकाका म्हणाले, आणि आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही एकाच वेळी सापडलेली ती एकमेव लाईन. कटिंग कुणी पाजायचा यावरून भांडलो, शेवटी बाबूकाकांनी पाजला.

चहा पितानाच त्यांनी सांगितलं होतं. "एक ध्यानात ठेवा. दुसऱ्याच्या लाईनीत पाय घालायचा नाही. त्याचं गिऱ्हाईक स्वतः येऊन मागेल, तरी आपण नाही म्हणायचं आणि त्याचं नाव सांगायचं. अंक कमी पडला तर उसना मिळेल. आजारी पडलात तर तुमची लाईन आम्ही टाकू. पण लाईनीत घुसलात तर इथे बसायचं नाही." त्यांनी आवाजही चढवला नव्हता. दुसऱ्या बाजूने एकजण बंडलाची सुतळी कापत होता, तो मान न वर करता म्हणाला, "घुसणाऱ्याला आम्ही पाणी पण विचारत नाय."

तू ते मनावर घेतलंस. मी ऐकलं आणि विसरलो, कारण माझा मुक्काम तिथे थोडा होता. आपल्या दोघांच्या वडिलांची कंपनी बंद पडली, मी परीक्षा देऊन विम्याच्या ऑफिसात लागलो, आणि तू बाबूकाकांकडून चरईची आणि खोपटची लाईन घेतलीस. "तू लाईन बदललीस," तू म्हणालास. माझ्या आईने मात्र शेजारणीला सांगितलं, "आमचा मिलिंद लाईनीला लागला." तू लगेच बोट नाचवलंस. तुला माझ्या जाण्याचं वाईट वाटलं होतं का? मी कधी विचारलं नाही. कटिंग पाजला आणि निघालो.

मग कितीतरी वर्षांनी त्या बंद कंपनीच्या जागेवर टॉवर उभे राहिले, आणि मी कर्ज काढून अकराव्या मजल्यावर आलो. कंपनी चालू असताना तिच्या गेटवर पेपर तू टाकायचास, म्हणून ती जागा तुझ्या लाईनीत होती, म्हणून टॉवरही तुझ्या लाईनीत आले. हे तुम्हा पेपरवाल्यांत कुणाला सांगावं लागलं नाही. माझा पेपर तू स्वतः वर आणायचास. बाकीच्यांचा दाराच्या कडीत अडकवायचास. माझी बेल वाजली की समजायचं, नवी लाईन सापडली. अर्ध्या झोपेत मी दार उघडायचो आणि तू धापा टाकत, "सातव्या मजल्यावरची बाई नवऱ्याला म्हणाली, तुमच्या घरच्यांनी माझी चांगली लाईन लावली!" एवढं बोलून लिफ्टकडे पळायचास. माझ्या बायकोला वाटायचं, आपल्या नशिबी हे दोन वेडे आले.

लॉकडाऊननंतर सगळं बिघडलं. बरीच घरं पेपर बंद करून बसली ती बसलीच. तुझी लाईन विरळ झाली. तू कामावरची दोन पोरं कमी केलीस आणि पन्नाशीत पुन्हा अख्खी लाईन स्वतः सायकलवर टाकायला लागलास. त्याच सुमारास आमच्या सोसायटीने ठरवलं की बाहेरचा माणूस वर जाणार नाही. पेपर खाली लॉबीतल्या खोक्यात ठेवायचे, गार्ड वाटेल. तू अध्यक्षांशी लॉबीतच वाद घातलास. "पेपर दारात पडला पाहिजे. खोक्यातनं उचलायचा तर तो दुकानातनं आणा." तू हट्टी होतास, गौतम. जरा नमतं घेतलं असतंस तर पुढचं टळलं असतं. हे मी स्वतःला वाचवायला म्हणत नाही. तू समोर असतास तरी हेच बोललो असतो आणि तू मला शिवी दिली असतीस.

मी सेक्रेटरी होतो. मीटिंगमध्ये अध्यक्ष म्हणाले, "हा माणूस ऐकत नाही. दुसरा बघू. मिलिंदजी, तो तुमच्याकडे येऊन बसतो ना? मित्र आहे का तुमचा?"

समोर सगळे बसले होते. काचेचं टेबल, बिस्किटं, एसी. कुणीतरी मोबाइलमधून मान वर केली.

मी म्हणालो, "नाही, तसं काही नाही. ओळखीचा आहे. लहानपणी एका वस्तीत होतो."

इतकंच. पुढचा विषय पार्किंगचा होता. पण मी घरी आलो तेव्हा मला जेवण गेलं नाही. चाळिसेक वर्षं ज्याच्याशी मी एका शब्दावरून भांडत आलो, त्याला मी 'ओळखीचा' म्हणून आलो होतो.

नंदूला तू ओळखायचास. चेंदणी कोळीवाड्याकडचा, त्याच फुटपाथवर तुझ्या शेजारी बसणारा, पुरवण्या घालताना गाणी म्हणणारा. अध्यक्षांनी त्याला बोलावलं आणि खोक्याची अट सांगितली. तो ऐकून घेऊन गेटपाशी थांबला, मी गाडी काढत होतो. "साहेब, ही गौतमची लाईन हाय," तो म्हणाला. "त्याला इचारलाय ना? मना मागून कटकट नको."

मला उशीर होत होता. मला तो विषय संपवायचा होता. तुला कसं सांगायचं याचा मी रोज विचार करत होतो आणि रोज टाळत होतो, आणि समोर हा माणूस मला तेच विचारत होता. मी काच खाली करून म्हणालो, "हो हो, माझं बोलणं झालंय त्याच्याशी. त्याला चालेल."

"नक्की ना?"

"अरे मित्र आहे तो माझा."

मीटिंगमध्ये जे म्हणायला मला लाज वाटली, ते मी तिथे म्हणालो. खोट्याला आधार म्हणून.

दुसऱ्या पहाटे नंदू आमच्या टॉवरचे अंक वेगळे काढताना दिसला आणि फुटपाथवरच तू त्याची कॉलर धरलीस. मी तिथे नव्हतो, पण नंतर इतक्या जणांकडून ऐकलंय की आता डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. तू म्हणालास, "माझ्या लाईनीत घुसलास?" तो म्हणाला, "तुझ्या दोस्तानंच सांगितला, तुला चालतंय." तू तिथूनच मला फोन लावलास. सगळे ऐकत होते. मी म्हणालो, मी कशाला सांगेन. तू फोन खिशात टाकलास आणि नंदूला सगळ्यांदेखत खोटारडा म्हणालास.

त्यानंतर त्या फुटपाथवर त्याला कुणी अंक उसना दिला नाही. त्याच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा तो सिव्हिलमधून पहाटे धावत यायचा, लाईन टाकायचा आणि परत जायचा, कारण त्याची लाईन धरायला कुणी पुढे झालं नाही. हे मला बाबूकाकांनीच सांगितलं, अगदी सहज, "नियम म्हणजे नियम" अशा आवाजात. मी मान हलवली. नंदूने मला कधी अडवलं नाही. लॉबीत दिसला की तो माझ्याकडे बघायचा, खोक्यात पेपर ठेवायचा आणि जायचा.

आणि तू माझ्याकडे येत राहिलास. हे सगळ्यात जड आहे. पेपरला सुट्टी असलेल्या दिवशी, दिवाळीत, होळीच्या दुसऱ्या दिवशी, तू उशिरा उठून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचास. एकदा गार्डने इंटरकॉमवर सांगितलं, "साब, पेपरवाला आया है। ऊपर भेजूं?" मी म्हणालो, "भेजो." 'माझा मित्र आहे' एवढं त्याला सांगायला काय लागत होतं? तू वर आलास, सोफ्यावर बसलास आणि म्हणालास, "तुझ्या वॉचमनला सांग, आज पेपर नाहीये माझ्याकडे, आज मी नुसताच वाला आहे." मी हसलो. तुलाही हसू आलं. मग तू गॅलरीत जाऊन खाली खोक्याकडे बघत बराच वेळ उभा राहिलास.

त्या दिवशी आपलं शेवटचं भांडण झालं. तू म्हणालास, "मिल्या, ऑनलाईन."

"बाद. जोडशब्द."

"अरे, त्या ऑनलाईनने माझी लाईन खाल्ली. निम्मी घरं म्हणतात आम्ही ऑनलाईन वाचतो. माझी लाईन खाऊन बसली, आणि तू म्हणतोस ती लाईनच नाही?"

"नियम तो नियम."

"नियम तू केलास. मला कुठे मान्य होता?"

तू खरंच चिडला होतास. चहा अर्धा ठेवलास. दारात बूट घालताना म्हणालास, "पुढच्या वेळी बघतो तुला." मी म्हणालो, "ये ये, बघू." गौतम, मला मान्य आहे. ऑनलाईन ही लाईन आहे. लाईनदोरीसुद्धा. कटिंग माझ्याकडे लागला.

पुढची वेळ हॉस्पिटलात आली. काचेपलीकडे तू, तोंडावर मास्क. शोभावहिनी बाकावर, मी उभा. नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "सगळे बाहेर थांबा, पेशंटला सेंट्रल लाईन टाकायची आहे." मानेतल्या मोठ्या शिरेत घालायची नळी, तिला ते तसं म्हणतात. नवी होती ती! कानाने ऐकलेली, बोलणाऱ्या बाईला पत्ता नाही, अगदी नियमात बसणारी. मी काचेकडे वळलो सुद्धा. तू शुद्धीत असतास तर मास्क बाजूला करून विचारलं असतंस, "फास्ट आहे की स्लो?" मला ते तुझ्या आवाजात ऐकू आलं आणि मी तिथेच भिंतीला टेकलो. वहिनीला वाटलं, मला चक्कर आली.

ती लाईन अजून माझ्याकडेच पडून आहे. आता कानावर पडतात त्या सगळ्याच पडून राहतात. परवा बँकेत एक म्हातारा म्हणाला, "आमची लाईन आता संपत आली." तो काउंटरच्या रांगेबद्दल बोलत होता की कशाबद्दल, कळलं नाही. मी फोन काढला, तुझं नाव आलं, अंगठा थांबला. बायकोला सांगून पाहिलं. ती बिचारी म्हणाली, "हं, छान आहे." छान काय आहे त्यात? त्याला एक भांडणारा लागतो. तू गेल्यापासून माझ्या घराची बेल वाजली की मी अजून जरा घाईने उठतो. कुरिअरवाला असतो.

तुमच्या लोकांत माणूस गेला की त्याची लाईन बंद पडू देत नाहीत. घरच्यांचं काही ठरेपर्यंत बाकीचे ती वाटून घेतात, एकेक गल्ली, म्हणजे गिऱ्हाईक तुटत नाही आणि वसुली घरी पोचते. तुझी तशीच वाटून घेतली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं चालली असताना बाबूकाका मला कौतुकाने सांगत होते, कुणी कुठली गल्ली घेतली ते. मी विचारलं, "आणि नंदू?"

"त्यानं मागितली होती," बाबूकाका म्हणाले. "आम्ही नाय दिली. गौतमला आवडलं नसतं."

माझ्या हातात वरणभाताचं ताट होतं. मी ते खाली ठेवलं. आता तुझ्या नावाने त्याला शिक्षा चालली होती, आणि तू ती मागे घ्यायला येणार नव्हतास.

आठवडाभर मी काहीच केलं नाही. मग एका संध्याकाळी वहिनीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मीटिंग, गेट, फोन. ती मेथी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत, फक्त पानं आणि काड्या एकाच ढिगात पडायला लागल्या.

"हे आत्ता सांगताय भावजी?"

मी ढिगातली एक काडी उचलून बाजूला ठेवली.

"दोन वर्षं मी ऐकलंय, नंदू असा, नंदू तसा. रस्त्यात त्याची बायको दिसली की मी तोंड फिरवायची. ऑपरेशन झालेली बाई ती." तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "का केलंत?"

"लाज वाटली वहिनी."

"कशाची? ह्यांची?"

मी डोळे पुसायला लागलो तर ती म्हणाली, "नको. माझ्यासमोर रडू नका. मी तुम्हाला 'जाऊ द्या' म्हणेन आणि तुम्ही सुटाल. जिथे ह्यांनी त्याची कॉलर धरली ना, तिथे जा. तिथे बोला." आणि मग, मी चपला घालत असताना, आतून, "चहा घेऊन जा." मी घेतला नाही. घ्यायला हवा होता.

काल पहाटे मी खोपटला गेलो. डेपोतून पहिल्या गाड्या सुटत होत्या. बाबूकाका, बाकीचे सगळे गठ्ठे सोडून बसले होते. तुझी जागा कुणी घेतलेली नाही, तिथे तुझी सायकल साखळी लावून उभी आहे. नंदू दूर, दिव्याच्या खांबाखाली, एकटाच पुरवण्या घालत होता. गात नव्हता.

"जयभीम मिलिंद," बाबूकाका म्हणाले. "आज इकडे कसा?"

मी म्हणालो, "मला एक सांगायचंय, सगळ्यांना." पाच-सहा जणांनी मान वर केली. आवाज नको इतका मोठा लागला. "त्या दिवशी गौतमने इथून फोन केला तेव्हा मी खोटं बोललो. नंदूने मला विचारलं होतं. गौतमला विचारलंय ना, म्हणून थांबून विचारलं होतं. मीच त्याला सांगितलं की बोलणं झालंय. तो कुणाच्या लाईनीत घुसला नाही. मी घुसवला त्याला."

एका पोराने हातातला अंक तसाच धरून ठेवला होता. एकजण हळूच म्हणाला, "च्यायला," ते माझ्यासाठी होतं आणि बरोबर होतं. बाबूकाका माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी मला सायकलवर तोल सांभाळून पेपर फेकायला शिकवलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. मग ते गुडघ्यावर हात देऊन उठले, अंकांचा एक गठ्ठा छातीशी धरून खांबापर्यंत चालत गेले आणि नंदूसमोर ठेवला.

"गौतमची मधली गल्ली. आजपासून तू टाक," ते म्हणाले. जरा थांबून, "आम्ही चुकलो."

नंदूने गठ्ठ्यावर हात ठेवला. सुतळी सोडली नाही. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "नंदू, माफ कर," मी म्हणालो.

"माझा जाव दे," तो म्हणाला. "मी हाय, मी ऐकला. पण तो मना खोटा समजून गेला, साहेब. त्याचा काय करणार तू?"

त्याने सुतळी तोडली, अंक मोजायला घेतले, आणि बाकीचेही आपापल्या कामाला लागले, कारण उजाडायला लागलं होतं आणि पेपर वेळेत दारात पडायला हवे होते. मी तुझ्या सायकलपाशी गेलो. सीटवर धूळ होती, ती हाताने पुसली. सगळे ऐकतायत हे मला माहीत होतं. त्या दिवशीही ते सगळे ऐकत होते, म्हणून तिथेच, तेवढ्याच मोठ्याने, मी तुला त्या फोनचं उत्तर दिलं.

"हो गौत्या, मीच सांगितलं होतं. नंदू खरं बोलत होता. लाईन तुझीच होती, आणि तू माझा मित्र होतास, हे मी चार लोकांत बोललो नाही. माफ कर मला."